काढलेला दात आणि जबड्याचे हाड

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका दंतवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दंतवैद्य बोलावयास उभा राहिला, की दात कसे घासावेत, गोड किती खावे आणि मशेरी का लावू नये, याच गोष्टी ऐकावयास मिळणार अशी श्रोत्यांची समजूत असते. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. पण आपण त्या पुष्कळदा ऐकल्या आहेत, म्हणून आज मी त्या सांगणार नाही. दात काढल्यानंतर काय होते आणि काढलेल्या दाताचे काय करता येते, एवढाच माझा विषय आहे.

मुलाचा दुधाचा दात पडला म्हणजे आपल्याकडे कोणी तो कौलावर फेकतो, कोणी उंदराच्या बिळापाशी टाकतो, कोणी तुळशीशी पुरतो. मोठ्या माणसाच्या दाताला एवढाही मान मिळत नाही. तो काढला जातो, कापसावर ठेवून रुग्णाला क्षणभर दाखविला जातो आणि कचऱ्यात जातो. पूर्वी त्यासाठी साधी बादली असे; जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आल्यापासून पिवळी पिशवी असते, इतकाच फरक. माझ्या व्यवसायात मी असे किती हजार दात टाकून दिले असतील, त्याचा हिशेब नाही. परंतु त्यांपैकी एका दाताची आठवण मला राहिली आहे, आणि या विषयाकडे मी वळलो तो तिच्यामुळेच.

१९९८ च्या पावसाळ्यात एक प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले. निसरड्या रस्त्यावर सायकलवरून पडून त्यांचा वरचा पुढचा दात मुळापर्यंत उभा चिरला होता. तो वाचण्यासारखा नव्हता. मी तो काढला, जखम स्वच्छ केली, औषधे दिली आणि दात बादलीत टाकला. गुरुजी पहिलीच्या वर्गाला शिकवीत. त, थ, द, ध ही दंत्य अक्षरे मुलांना म्हणून दाखविताना हवा फटीतून निसटते व मुले हसतात, असे ते स्वतः हसतच सांगत. पैशांची सोय झाली की पक्का दात बसवून घेऊ म्हणाले. ती सोय होण्यास तीन वर्षे लागली. २००१ साली ते पुन्हा आले तेव्हा दाताच्या जागी हाडाची जी कड उरली होती, ती विळ्याच्या पात्याइतकी निमुळती झाली होती. पक्का दात बसविण्याकरिता हाडात जो धातूचा खिळा रोवावयाचा, तो रोवण्याजोगी जागाच राहिली नव्हती. अखेर शस्त्रक्रिया करून त्यांच्या हनुवटीचे थोडे हाड कापून वर बसवावे लागले. हनुवटी व खालचा ओठ कित्येक महिने बधिर राहिला. शिकविणाऱ्या माणसाचा ओठ बधिर होणे म्हणजे काय, हे आपणास सांगावयास नको. जे हाड आम्ही त्यांच्या हनुवटीतून उकरून काढले, त्याच्या जवळजवळ सर्व गुणांचा पदार्थ तीन वर्षांपूर्वी माझ्या चिमट्यात होता. आणि तो मी माझ्या हाताने टाकून दिला होता.

हाड नाहीसे का होते, हे प्रथम पाहू. जबड्याच्या हाडाचे दोन भाग कल्पावेत. खालचा भाग पायाचा. तो जन्मभर टिकतो. त्यावर दातांना धरून ठेवणारी जी हाडाची कड असते, ती मात्र दातासाठीच अस्तित्वात असते. दात उगवतो तेव्हा ती घडते, दात चावतो तोवर ती जिवंत राहते आणि दात गेला की तिचे प्रयोजन संपते. शेताच्या बांधावरील झाड उपटले म्हणजे मुळांनी धरून ठेवलेली माती दोन-तीन पावसांत वाहून जाते व बांध खचतो, तसाच हा प्रकार आहे. विशेषतः पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूला हाडाची भिंत इतकी पातळ असते, की पुष्कळ ठिकाणी ती १ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. प्रथम तीच ढासळते.

डेन्मार्कमधील आऱ्हुस येथील संशोधकांनी दाढा व उपदाढा काढलेल्या ४६ रुग्णांच्या जबड्यांची वर्षभर मापे घेतली आणि २००३ साली ती प्रसिद्ध केली. वर्षाच्या शेवटी कडेची रुंदी जवळजवळ निम्म्यावर आली होती आणि त्यातली सुमारे दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. म्हणजे रुग्ण 'पुढच्या दिवाळीपर्यंत बघू' असे म्हणत असतो, त्या अवधीतच निम्मे हाड निघून गेलेले असते.

ज्यांना कवळी बसवावयाची असते त्यांनाही याची झळ लागते. खालच्या जबड्याची कड झिजून सपाट झाली की कवळी धरून राहत नाही. बोलताना उचलते, भाकरी चावताना सरकते व हिरडीला घासते. खेड्यातील कित्येक वृद्ध कवळी कपाटात ठेवून भाकरी दुधात कुस्करून खातात, याचे कारण नेहमी कवळी करणाऱ्याची चूक हे नसते. खाली हाडच उरलेले नसते.

ही झीज थांबविण्यासाठी दात काढल्याबरोबर त्या खळग्यात काही भरून ठेवावे, ही कल्पना जुनी आहे. आपण शेतकरी मंडळी आहात; आंब्याचे कलम आपणास ठाऊक आहे. हाडाच्या कलमाचेही चार प्रकार आहेत. पहिले, त्याच माणसाच्या कमरेचे, हनुवटीचे किंवा जबड्याच्या मागील भागाचे हाड. हे सर्वांत उत्तम. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. दुसरे, मृत अथवा जिवंत दात्याकडून मिळालेले व शुद्ध केलेले मानवी हाड. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी स्थापन झाली. तेथे हाडे व इतर ऊती गोठवून सुकविल्या जातात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. तिसरा प्रकार जनावरांच्या, बहुधा गाई-बैलांच्या, हाडांवर प्रक्रिया करून केलेल्या कणांचा. आणि चौथा प्रयोगशाळेत तयार केलेल्या कॅल्शियम फॉस्फेटासारख्या पदार्थांचा. बाजारात परदेशी बनावटीचा तिसरा प्रकार फार चालतो. त्याच्या अर्ध्या ग्रॅमच्या कुपीला कित्येक हजार रुपये पडतात. त्यात काय आहे हे रुग्णाला नीट सांगितले, आणि ते सांगणे वैद्याचे कर्तव्यच आहे, तर आपल्याकडील अनेक रुग्ण ते नको म्हणतात. त्यांच्या भावनेची थट्टा करणारे काही व्यवसायबंधू मी पाहिले आहेत. मला ते बरे वाटत नाही. आपल्या शरीरात काय जावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे शरीर त्याचाच असतो.

आता दाताकडे येऊ. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत व त्यांत दातांचा 'रुचक' नावाचा एक स्वतंत्र वर्ग आहे. यावरून सुश्रुतांना दाताचे कलम ठाऊक होते असा अर्थ कोणी काढू नये. पण दात ही हाडाच्याच कुळातील वस्तू होय, हे त्यांचे निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आधुनिक शास्त्रही याहून फार वेगळे सांगत नाही. दाताचे बाहेरचे चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. त्यात ९६ टक्के खनिज असते व ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. आतील मुख्य भाग दंतिनाचा. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य व १० टक्के पाणी असते. हाडात हेच प्रमाण सुमारे ६५, २५ व १० असे पडते. खनिज दोहोंत एकाच जातीचे. सेंद्रिय भागात दोहोंतही मुख्यतः एकाच जातीचे कोलॅजेन नावाचे प्रथिन. गर्भात चेहरा घडत असताना जबड्याचे हाड व दातातील दंतिन ही दोन्ही एकाच मूळ पेशीसमूहापासून निर्माण होतात. तेव्हा दात आणि जबडा यांना सख्खी भावंडे म्हणावयास हरकत नाही.

तथापि केवळ साम्य असून भागत नाही. कलम जगावयाचे तर हाड तयार करणाऱ्या पेशी तेथे येऊन कामाला लागल्या पाहिजेत. या बाबतीतील महत्त्वाचे पाऊल अमेरिकेतील अस्थिशल्यतज्ज्ञ मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली टाकले. अम्लाने खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत, म्हणजे जेथे हाड असण्याचे काहीच कारण नाही अशा जागी, ठेवले असता तेथे नवे हाड तयार होते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९६७ साली युरिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी खनिज काढलेल्या दंतिनाचाही तोच गुण सिद्ध केला. हाडाला हाक मारणारे हे जे प्रथिन, त्याला १९७१ साली 'अस्थिजनक प्रथिन' या अर्थाचे नाव मिळाले. योगायोग असा, की ज्या १९६५ साली युरिस्ट यांचा शोध प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रोनमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे रोवून त्यांवर दात बसविले. एकाने हाडात खिळा पक्का होतो हे दाखविले; खिळ्यासाठी लागणारे हाड कोठून आणावयाचे, याची वाट दुसऱ्याने दाखविली. या दोन वाटा एकत्र येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

दंतवैद्यांना एक खूण तर त्याआधीपासून दिसत होती. अपघाताने मुळासकट निखळलेला दात पुन्हा जागी बसविला, तर कधीकधी तो जबड्याच्या हाडाशी एकजीव होतो आणि काही वर्षांत त्याचे मूळ हळूहळू नाहीसे होऊन तेथे हाड येते. दात गमावला म्हणून आम्ही त्याला अपयश समजत होतो. दाताचे हाडात रूपांतर होताना आम्ही प्रत्यक्ष पाहत होतो, हे आमच्या ध्यानी येत नव्हते.

विषयाला थोडे सोडून, शिक्षकांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. खेळताना मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला तर तो शोधावा, मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, मळला असल्यास पाण्याखाली क्षणभर धुवावा, मुळीच घासू नये, आणि शक्य असेल तर त्याच खळग्यात बसवून मुलाला रुमाल चावून धरावयास सांगावे. ते जमले नाही तर दात वाटीभर थंड दुधात ठेवावा आणि लगेच दंतवैद्य गाठावा. तासाच्या आत पोहोचल्यास दात वाचण्याचा संभव पुष्कळ असतो. कोरड्या कागदात गुंडाळून खिशात आणलेला दात बहुधा वाचत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

माणसाच्या दाताचे त्याच माणसाच्या जबड्यात कलम करण्याचा प्रयोग जपानमधील मासारू मुराता व सहकाऱ्यांनी २००३ साली एका जागतिक परिषदेत मांडला. त्यांनी दाताचे कण अम्लाने खनिजविरहित करून वरच्या जबड्यातील पोकळीखाली हाड वाढविण्यासाठी वापरले होते. दक्षिण कोरियात किम यंग-क्युन व सहकाऱ्यांनी ही पद्धत पुढे नेली. तेथे रुग्णाचा काढलेला दात एका पेढीकडे पाठवावयाचा, प्रक्रिया होऊन तो परत यावयाचा व मग वापरावयाचा, अशी व्यवस्था उभी राहिली. इस्राएलमधील बिंडरमन व सहकाऱ्यांनी २०१४ साली याहून सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. तिच्यात दात काढणे व त्याचे कलम करणे एकाच बैठकीत होते. आपल्या देशातील काही दंतमहाविद्यालयांतही यावर काम झाले आहे.

ही एका बैठकीतील रीत अशी. काढलेल्या दातावरील हिरडीचे व आवरणाचे धागे, किडलेला भाग, जुने सिमेंट किंवा चांदी फिरत्या हत्याराने पूर्णपणे खरवडून काढतात. दात हवेच्या झोताने कोरडा करतात आणि निर्जंतुक भांड्यात दळतात. दळल्यावर चाळणीतून साधारण ०.३ ते १.२ मिलिमीटर आकाराचे कण वेगळे करतात. गृहिणींना सांगावयाचे तर पीठ नको, रवा हवा. पीठ फार लवकर विरघळते अथवा वाहून जाते. हा रवा दाहक सोडा व अल्कोहोल यांच्या सौम्य द्रावणात सुमारे १० मिनिटे बुडवून ठेवतात. दंतिनात अतिसूक्ष्म नलिकांचे जाळे असते व तोंडातील जंतू त्यांत शिरलेले असतात. ते या द्रावणाने मारले जातात. नंतर क्षारयुक्त पाण्याने धुतलेले ओलसर कण खळग्यात हलके दाबून भरतात, वर पातळ आवरण घालून टाके घालतात. दळलेल्या कणांमध्ये मोकळी जागा राहत असल्याने त्यांचे आकारमान मूळ दातापेक्षा अधिक भरते. म्हणून ज्या खळग्यातून दात निघाला, तो भरण्यास एक दात बहुधा पुरतो. एवढ्या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटे अधिक लागतात.

पुढचे काम शरीराचे. नाशिककडे द्राक्षाची वेल मांडवावर चढविलेली आपण पाहिली असेल. मांडव वाढत नाही, वेल वाढते. पण मांडवावाचून वेलीला आकार येत नाही. दाताचे कण असाच मांडव होतात. रक्तवाहिन्या त्यांच्या फटींतून शिरतात, हाडाच्या पेशी त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून नवे हाड घालतात. काही महिन्यांनी तेथील तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाताचा कण व नवे हाड यांची सांधणी दिसते. वेलीच्या मांडवाहून भेद एवढाच, की हा मांडव पुढे सावकाश शरीरच झिजविते व त्याची जागा हाड घेते. साधारण चार ते सहा महिन्यांनी तेथे खिळा रोवता येतो.

एवढे ऐकून, उद्यापासून प्रत्येक काढलेला दात दळावा असे कोणास वाटेल. तसे नाही. मुळाच्या नळीचे उपचार झालेल्या दाताच्या आत रबरासारखे द्रव्य व औषधे भरलेली असतात. ती पूर्ण निघत नाहीत, म्हणून बहुतेक तज्ज्ञ असे दात वर्ज्य मानतात. जेथे पू वाहत आहे, अशा खळग्यात त्याच दिवशी काही भरणे धोक्याचे आहे. मधुमेह आटोक्यात नसेल, रुग्ण विडी-सिगारेट ओढीत असेल, तर कोणतेही कलम नीट धरत नाही. जबड्यावर किरणोपचार झालेल्या कर्करोगाच्या रुग्णाचा तर साधा दात काढणेही तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून करू नये. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी-तंबाखूच्या सवयीने तोंडच न उघडणारे तरुण आजही आमच्याकडे येतात. तेथे कलमाच्या गोष्टी दूरच, चिमटा आत जात नाही. आणि अक्कलदाढेचा खळगा बहुधा आपोआप भरून येतो, त्यासाठी हा खटाटोप व खर्च करण्याचे कारण नाही. उलट दुसरीकडे हाड हवे असेल, तर त्या निरुपयोगी अक्कलदाढेचा तेथे चांगला उपयोग होतो.

या पद्धतीच्या गुणावगुणांची परीक्षा अजून चालू आहे. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक चाचण्या लहान आहेत आणि त्यांतील रुग्णांकडे दहा-वीस वर्षे लक्ष ठेवले गेले असे फारसे नाही. त्यांतून इतर मान्य पदार्थांच्या बरोबरीचे हाड मिळते असे दिसते. त्याहून श्रेष्ठ मिळते असा दावा मी करणार नाही. खनिज काढावे की ठेवावे, एनॅमल घ्यावे की वगळावे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. दळण्याच्या यंत्राचा खर्च एकट्या खेड्यातील दंतवैद्यास झेपणारा नाही. माझे स्वतःचे मत असे, की दंतमहाविद्यालये व मोठी शासकीय रुग्णालये यांनी प्रथम हे हाती घ्यावे. कारण त्यांच्याकडे रोज काढले जाणारे दात आहेत, शिकणारे हात आहेत, आणि कुपी विकत घेऊ न शकणारा रुग्णही त्यांच्याकडेच येतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मी आजच आग्रह धरीन. आपण गावात दंतशिबिरे भरविता. एका दिवसात इतके दात काढले, असे अहवालात अभिमानाने लिहिले जाते. त्या प्रत्येक रुग्णास दात काढण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले जावेत: हा दात वाचविता येणार नाही याची खात्री झाली आहे काय, आणि येथे पुढे दात बसविण्याचा आपला विचार आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल आणि दात काढण्याची घाई नसेल, तर त्याला शिबिरात न काढता रुग्णालयात पाठवावे. शिबिराच्या आकड्यात एक दात कमी भरेल, तो भरू द्यावा.

मघाशी एका भगिनीने चिठ्ठी पाठवून विचारले आहे, की मागे काढलेली दाढ मी घरी डबीत जपून ठेवली आहे, ती चालेल काय? बाई, ती चालणार नाही. ती कोठे, कशी राहिली याची खात्री देता येत नाही. दवाखान्यात त्याच दिवशी स्वच्छ करून, दळून, सुकवून निर्जंतुक ठेवलेले कण पुढे वापरता येतात. घरच्या डबीतील दात नाही. दुसऱ्या चिठ्ठीत आहे, की नवऱ्याचा दात बायकोस चालेल काय? त्याचेही उत्तर नाही असेच आहे. दुसऱ्याच्या दातासाठी रक्ततपासणी, निर्जंतुकीकरण व ऊतिपेढीची सारी शिस्त लागते. ती दवाखान्यात पाळता येत नाही. आणि तिसरी चिठ्ठी एका गुरुजींची आहे: ज्यांचे हाड आधीच झिजले, त्यांनी काय करावे? त्यांच्या तोंडात दुसरा एखादा काढावयाचाच दात किंवा अक्कलदाढ असेल, तर ती काढण्यापूर्वी त्यांनी दंतवैद्यास हा प्रश्न विचारावा. काढून झाल्यावर विचारू नये.